बासष्ट इंची घोडी

मेहरूण, जळगाव
२० जानेवारी २०२५

प्रिय ज्योत्स्नाअक्का,

पायांना हात लावून नमस्कार, लावू देशील तर.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी चांगली पडली आहे. शाळेची तपासणी एकदाची पार पडली. मुक्ताईनगरला आईचा गुडघाही बरा आहे. तू आठ दिवस फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. भाऊजींकडून तुझा निरोप मिळाला, की पाठदुखीसाठी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम होता एवढं एका ओळीत लिहून दे, म्हणजे विषय संपला आणि तू पूर्वीसारखी यायला मोकळी. तर लिहिते. माझी पाठ दुखायची. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला.

अक्का, कोणता डॉक्टर तोंडात लगाम घालायला सांगेल? मुख्याध्यापिका असून मला धड खोटं लिहिता येत नाही. खरंच लिहिते.

गेली दोन वर्षं मी आणि जितेंद्र घरात घोडी आणि चाबूकस्वार होतो. मी घोडी, तो शिकवणारा. मी त्रेचाळीस वर्षांची, तो सत्तेचाळीस, नवराबायको दोघांच्या राजीखुशीने. थांबायचं असेल तर दोघांपैकी कुणीही 'चाळीसगाव' म्हणायचं, कारण दुडकताना हा शब्द चुकून तोंडातून निघत नाही. लगाम तोंडात असेल तर दोनदा पाय आपटायचा. चाबूक नुसता शोभेचा आहे, जितेंद्रने आजवर त्या चाबकाने एक माशीही मारलेली नाही.

त्रास होता तो वेगळाच. हे शिक्षण काही केल्या नियमित होईना. एक दिवस करायचं आणि पंधरा दिवस विसरायचं. त्यात जितेंद्रचा स्वभाव तुला माहीत आहे. "जमलं तर जरा उजवीकडे वळ" म्हणायचा. मी गुडघा पुरता उचलायच्या आतच गुळाचा खडा पुढे करायचा. "आज राहू दे, दमली असशील" हे तर रोजचंच. घोडी शिकत नव्हती, कारण चाबूकस्वार कच्चा होता. शेवटी मीच वेळापत्रक केलं. मंगळवार, गुरुवार, रविवार, सकाळी साडेसात ते आठ, गच्चीवर. गच्चीला तिन्ही बाजूंनी हिरवी जाळी लावून घेतली. आधी अंग मोकळं करायचं, मग चाल, मग दुडकी, मग वळणं, शेवटी एका जागी गप्प उभं राहायचं. नंतर पाणी, आणि कुठे दुखलं का, काय आवडलं नाही, हे एकमेकांना विचारायचं. नवीन गोष्ट आठवड्याला एकच. तीन महिन्यांत एकच खाडा झाला, तोही त्याला सर्दी झाली म्हणून.

इथवर बरं चाललं होतं. पण दोरीच्या लगामाचा आम्हाला कंटाळा आला आणि डिसेंबरात आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. तिथे साज विकणाऱ्या तोतारामने विचारलं, घोडी कितली उंच शे? जितेंद्र घाबरला आणि त्याने माझी उंची सांगितली, बासष्ट इंच. घोड्याची उंची खांद्यापर्यंतच मोजतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! तोताराम उठून उभाच राहिला. "साहेब, लाखमा एक घोडी शे तुम्हनी." जितेंद्र येताना गाडीत सारा वेळ एकटाच हसत होता. तोताराम साज धुळ्यापर्यंतच घरपोच देतो म्हणाला होता, म्हणून तुमचा पत्ता दिला. तिथेच आम्ही माती खाल्ली.

तोताराम तुमच्या दारात खऱ्या घोड्याचा साज घेऊन आला. बासष्ट इंची घोडीचं कौतुक केलं, तिच्यासाठी जातिवंत नवरा बघू का म्हणून विचारलं, आणि तू गल्लीभर सांगितलंस की बहिणीकडे घोडी आली. घरात नवं जनावर आलं की त्याच्या पायांवर पाणी घालून ओवाळायचं, ही आपली रीत. तू पहिली एसटी धरलीस, तुझ्याकडच्या किल्लीने आमचं दार उघडलंस आणि हळदकुंकू, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ असं ताट घेऊन थेट गच्चीवर आलीस. मी तेव्हा पाण्याच्या टाकीभोवती दुडकत होते. घुंगरांचा पट्टा लावला होता. गुडघे त्या दिवशी फार छान उचलले जात होते, हे तुला सांगून उपयोग नाही.

ताट पडलं. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. जितेंद्रलाच म्हणालीस, "जितेंद्रराव, माझ्या बहिणीला जनावर केलंत तुम्ही."

त्याने हात जोडले. "चुकलं अक्का."

अक्का, त्याचं काही चुकलं नव्हतं. हे खूळ माझं. दोन वर्षांपूर्वी मीच त्याच्याशी बोलले, मीच आठ दिवस मनधरणी केली. दिवसभर शाळेत सगळे मला विचारतात. खिचडीत मीठ किती, कोणत्या बाईंना रजा द्यायची, नळाला पाणी का नाही. घरी आले की फोनवरून आईची औषधं, मग तुझे फोन. अर्धा तास मला कुणी काही विचारत नाही. उजवीकडे ओढलं की उजवीकडे जायचं, बस. त्या अर्ध्या तासात मी फार सुखात असते. जनावर केलंत म्हणालीस, पण माझी इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि ज्याची मला आठ दिवस लाज वाटते आहे, ते गुडघे नाहीत, घुंगरंही नाहीत. तू बोलत होतीस तेव्हा लगाम मी कधीच काढला होता. तोंड मोकळं होतं. 'अक्का, हे माझं आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी चहा टाकते म्हणून खाली निघून गेले आणि त्याला एकट्याला तुझ्यासमोर उभं ठेवलं. चहा होईपर्यंत तू गेली होतीस. मी वर आले तेव्हा तो डाळ वेचत बसला होता.

तेव्हा ती एक ओळ मी लिहून देणार नाही. दिली तरी त्याच्यावरचा आळ तसाच राहील. हे पत्र मिळेल त्या संध्याकाळी त्याला फोन कर. तो उचलेल, नेहमीसारखाच "बोला अक्का" म्हणेल. त्याच्याशी दोन शब्द गोड बोल. पुढचे सगळे शब्द माझ्यासाठी राखून ठेव आणि हवं तेव्हा ये. फक्त मंगळवार, गुरुवार, रविवारी आठनंतर.

ओरडा खायला स्वतः पुढे आलेली,
तुझी धाकटी,
रूपाली