राहीच्या अॅग्रीची सीट

२ जून २०१४, सकाळ
आज तेलंगणा हे नवं राज्य झालं. आमच्या तलमडुगूत फटाके, गुलाल. मी घरातच. डोकं तापलेलं. या नव्या राज्यात आम्हा मराठी माणसांना कोण विचारणार? माझी राही दहावीत शाळेत पहिली आली. तिला शेतकीची डिग्री करायची आहे. इथे राहिली तर सीट मिळणं अशक्य. हे कुणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं.

निर्णय: अकरावी-बारावी यवतमाळला, मामाकडे राहून. मग अकोल्याला अॅग्री. आपली भाषा, आपली माणसं. चान्स शंभर टक्के.

३ जून
राही म्हणाली, आदिलाबादलाही कॉलेज आहे. लहान आहे, काय कळतं तिला. तिच्या आईने दिवसभर तोंड फुगवलं. शेजारच्या माणिकरावाने पोराला आदिलाबादलाच टाकलं. वर मला म्हणतो, "पोरीले राज्याबाहेर काऊन धाडून राह्यले? आधी नियम त विचारा." नियम! याची म्हैस दोनदा कोंडवाड्यात गेली, आणि हा मला नियम शिकवणार.

१६ जून
राहीला यवतमाळला सोडून आलो. माणिकरावाशी बोलणं बंद. कायमचं.

१९ जून
बोललो. फवारणीचा पंप त्याच्याकडे आहे.

२५ मे २०१६
बारावीला ८८ टक्के! गावभर पेढे. अॅडमिशन झाल्यातच जमा, असं सगळ्यांना सांगून टाकलं. माणिकरावाच्या पोराला पुष्कळ कमी. त्यांच्या घरी मुद्दाम दोन पेढे जास्त दिले.

राहीने तेलंगणाचीही एन्ट्रन्स देऊन ठेवली आहे. मला न विचारता. चांगलं झापलं तिला. विश्वास म्हणून नाही बापावर.

२० जून, अकोला
कारकून म्हणतो, डोमिसाइल नाही, दहावी महाराष्ट्राबाहेरची, म्हणजे मुलगी परराज्याची. परराज्याची! मी विचारलं, मी आत्ता कोणत्या भाषेत बोलतोय? तो म्हणाला, भाषेचा रकाना नाही. मग म्हणाला, शेतकऱ्याच्या मुलांना जादा मार्क मिळतात, सातबारा आहे का? मी आमची पहाणी काढून ठेवली. शेतीचाच कागद, फक्त तेलुगूत. त्याने तो उलटा धरला. मी हिसकावून सुलटा करून दिला, तर राही हळूच म्हणाली, आधीच बरोबर होता.

मी म्हणालो, माती तीच, कपाशी तीच, पैनगंगेचं पाणीही तेच. तो म्हणाला, "काका, राज्य ते नाही ना." टेबलावर मूठ आपटली. मूठ सुजली आहे.

२१ जून
हरकत नाही. शेवटी आपलं राज्य ते आपलं, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. त्या एन्ट्रन्सची आयडियासुद्धा तशी माझीच. आता हैदराबाद. चान्स शंभर टक्के. ठराव: रागवायचं नाही.

१४ जुलै, हैदराबाद
रागवावं लागलं. काउंटरवरची मॅडम म्हणाली, आप की बेटी नॉन-लोकल है. शेवटची चार वर्षं इथेच शिकायला हवी होती, तिची दोन बाहेर गेली. मी सांगितलं, दर दिवाळीला, दर पोळ्याला घरीच होती. मॅडम हसली. उरलेल्या थोड्या खुल्या जागांपर्यंत राहीचा रँक पोचला नाही. तिकडे परराज्याची, इकडे नॉन-लोकल. मग माझी पोर आहे तरी कुठली? हे मी जरा मोठ्याने विचारलं असावं, कारण वॉचमन आला. राहीने माझा दंड धरून बाहेर आणलं आणि पाण्याची बाटली दिली.

ठराव: हायकोर्ट. दोन्ही मुख्यमंत्र्यांना पत्र.

२ ऑगस्ट
माणिकरावाच्या पोराला अॅग्रीची सीट मिळाली. लोकल ना तो! माणिकराव पेढा घेऊन आला. नियमांचं अवाक्षर काढलं नाही, नुसता बसून राहिला. याचाच सगळ्यात जास्त राग आला. एक टोमणा मारला असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

९ ऑगस्ट
आज कळलं, राहीने आदिलाबादच्या डिग्री कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. आईला घेऊन गेली होती. आठवडा झाला. घरात सगळ्यांना माहीत, मी सोडून.

मी म्हणालो, नाव काढ. एक वर्ष ड्रॉप घे. डोमिसाइल मी काढतो. अकोल्याच्या त्या कारकुनाला सोडत नाही, हैदराबादच्या त्या बाईलाही नाही. वकील बघतो, आमदाराकडे जातो. बराच वेळ बोललो. राही पुस्तकांना कव्हर घालत होती. ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, "बाबा, आता माह्यासाठी कोणाशी भांडू नका."

रागावून नाही म्हणाली. जेवायला चला म्हणावं, तसं म्हणाली.

मग मी काय करायचं, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.