उपस्थिती शंभर टक्के

३ नोव्हेंबर, सकाळी ५.१०

अलार्म साडेचारचा होता, पाचला उठलो. परिस्थिती पाहून वेळापत्रक बदलता येणं हे ऑफिसरचं लक्षण आहे. आजपासून डायरी. मोठे सेनाधिकारी ठेवतात. कोणाला दाखवायची नाही.

बटालियनचं पत्र आलंय. शाळेतल्या एनसीसीच्या थर्ड ऑफिसरला सेकंड ऑफिसर व्हायचं असेल तर दूरस्थ अभ्यासक्रम पूर्ण करायचा. चाळीस तासांचे व्हिडिओ, एक वाळूचं मॉडेल, एक रूट मार्च आणि वीस डिसेंबरला ऑनलाइन तोंडी परीक्षा. नापास झालो तर ट्रूप दुसऱ्या शिक्षकाकडे. शाळेने दुसरं नाव दिलंय कामिनी मॅडमचं. विज्ञानाच्या. म्हणजे सव्वीस जानेवारीला एरंडोलच्या मैदानावर माझ्या पन्नास कॅडेट्सच्या पुढे त्या चालणार. विचारानेच तोंड कडू झालं.

बारा वर्षं ट्रूप माझ्याकडे आहे. बेरेट टोपी माझ्याइतकी तिरकी जिल्ह्यात कोणाची बसत नाही.

संकल्प : रोज दोन तास. वीस दिवसांत खलास. उरलेला वेळ रिव्हिजन.

५.३५. डोळे जड. दहा मिनिटं पडतो.

३ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

शाळेला जायची एरंडोलची बस गेली. शेजारच्या रिक्षावाल्याला विचारलं तर आधी पचकन थुंकला, मग नाही म्हणाला. या शहरात सुसंस्कृत नकारही मिळत नाही.

४ नोव्हेंबर

पहिला व्हिडिओ लावला. विषय नेतृत्व. बोलणाऱ्या साहेबांना दर वाक्याला ओठ चाटायची सवय. सहा मिनिटांत मी पडद्याऐवजी भिंतीकडे बघायला लागलो. वर दर दहा मिनिटांनी पडद्यावर चौकोन येतो : ‘आपण उपस्थित आहात का?’ हिरवं बटण दाबलं नाही तर तास मोजला जात नाही. बारा वर्षं सेवा झालेल्या अधिकाऱ्याला हा प्रश्न! पहारेकऱ्यावर विश्वास ठेवतात, ऑफिसरवर नाही.

आई पिंपळनेरहून आलीय, गुडघे दाखवायला. तिला अभ्यासक्रम समजावून सांगितला. तिने तिच्या गावच्या बोलीत विचारलं, थर्ड म्हणजे तिसरा शे ना? मंग पहिला दोन कोन शेतस?

दिपमाला स्वयंपाकघरात हसली. बायकोने हसण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

६ नोव्हेंबर

तोडगा निघाला. आई दिवसभर बसूनच असते, शेंगा सोलते. तिच्यापुढे जुना फोन ठेवला, स्टँडला. चौकोन आला की हिरवं बटण दाबायचं. आई म्हणाली, बस, इतलंच? मी म्हटलं, इतकंच.

जबाबदारी वाटून देणं हा नेतृत्वाचा पहिला धडा. पहिल्या व्हिडिओत असणारच.

११ नोव्हेंबर

पोर्टलवर अकरा तास जमा. प्रगती समाधानकारक.

शरीर सज्ज ठेवण्यासाठी मेहरूण तलावाला पळत फेरी मारायला गेलो. तिथे पन्नास-साठ माणसं हात वर करून मोठमोठ्याने हसत होती. व्यायाम म्हणे. एकाचे दात हातात होते. अर्ध्यातून परत आलो. वाटेत पोहे.

रात्री जेवताना आईने सांगितलं, ऑफिसर बठ्ठास्ना मागे जेवस. मी म्हटलं, तू तर जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवत आलीस, तू काय ऑफिसर आहेस? मी दुसरी भाकरी घेतली.

१६ नोव्हेंबर

वाळूचं मॉडेल. रूट मार्च एरंडोल ते पद्मालयचं मंदिर असा ठरवलाय, म्हणून त्याच भागाचा नकाशा गच्चीवर वाळूत उभारायचा. शेजारच्या बांधकामावरून चार घमेली वाळू आणली. दिपमालाच्या रांगोळीतून हिरवा रंग शेतांना, निळा तळ्याला. ती म्हणाली, विचारलं असतं तर दिला नसता. म्हणूनच विचारलं नव्हतं. याला गनिमी कावा म्हणतात.

उद्या फोटो काढून अपलोड करतो. आज प्रकाश बरोबर नाही.

१८ नोव्हेंबर

मांजर. वाळू दिसली की त्या जातीला एकच सुचतं. मंदिराच्या टेकडीवर, तळ्यात, आणि मी ज्या जागी विश्रांतीचा थांबा दाखवला होता तिथे तर दोनदा. रुमाल नाकाला बांधून टेकडी उपसून टाकली. जेवण गेलं नाही. या देशात शिस्त फक्त माणसांनाच नाही असं नाही.

१९ नोव्हेंबर

मॉडेल नव्याने केलं. आई गुडघे धरत गच्चीवर आली, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, तळं वर आनि उतार खाले, पानी ऱ्हाई का तठे? मी तिला समजावलं, हे लष्करी मॉडेल आहे, शेतातला पाट नाही. फोटो अपलोड.

२४ नोव्हेंबर

मॉडेल परत. शेरा एका ओळीचा : ‘पाणी उंचावर कसे थांबेल?’

तपासणारा कारकून असणार. तळं खाली सरकवून पुन्हा पाठवलं. आईला सांगितलं नाही, उगाच डोक्यात हवा जाईल.

पोर्टलवर सव्वीस तास.

२८ नोव्हेंबर

आज आईने विचारलं, तुन्हा पोरेस्ना नावं तुले पाठ शेतस का? मी म्हटलं, पन्नास आहेत, एवढं मला पाठ आहे. नावं हजेरीपटात असतात, त्यासाठी हजेरीपट असतो. ती म्हणाली, त्या साहेबांनी सांगितलं की नाव माहीत नसेल तर हुकूम कोणाला देणार? कोणते साहेब विचारलं. म्हणाली, तोच, ओठ चाटस तो. मानूस चांगला शे.

दिपमाला सांगते, आईने खालच्या मजल्यावरच्या चार बायकांना पाण्याच्या टँकरसाठी पाळ्या लावून दिल्यात. भांडणं बंद झालीत. वेळ असला की माणूस कशातही लक्ष घालतो.

२ डिसेंबर

हेडमास्तर रुपचंद सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला, कपाच्या काठाला कोणाची तरी लिपस्टिक. बशीत ओतून तसाच ठेवला. सर म्हणाले, भटू, या खेपेला जरा मनावर घे, मॅडम तयारीत आहेत. मी म्हटलं, सर, उपस्थितीत मी विभागात पुढे आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

५ डिसेंबर

कामिनी मॅडम स्कूटीवर जाऊन रविवारच्या मार्चचा रस्ता पाहून आल्या. म्हणाल्या, सर, डांबरी रस्त्यानेच नेऊ या, शेतांत गव्हाला पाणी सोडलंय. मी शांतपणे सांगितलं की मार्ग नकाशावर ठरलेला आहे आणि शेतातून दीड किलोमीटर वाचतं. ऑफिसर नकाशा वाचतो, रस्ता विचारत हिंडत नाही. अभ्यासक्रमच दूरस्थ आहे. दुरून निर्णय घेता यावा हाच त्याचा हेतू.

मॅडम म्हणाल्या, मोजे दोन जोड सांगू का मुलांना? मोजे! मी नऊ पानांचा आदेश लिहिलाय, त्यात मोजे कुठे बसवू?

७ डिसेंबर, दुपारी ४

रूट मार्च पार पडला. पद्मालयला पोहोचलो. फोटो अपलोड झाले, लोकेशनसह. मुद्द्याचं एवढंच.

बाकी तपशील, फक्त नोंद म्हणून. डांबरी रस्त्यापासून किलोमीटरभर आत, शेताच्या तोंडाशी एक म्हातारा बांधावर बसला होता. म्हणाला, साहेब, तथा जाऊ नका, रातले पानी सोडेल शे. मी त्याला सलाम करून पुढे निघालो. वीस पावलांवर घोट्यापर्यंत चिखल. पन्नास पोरं, शंभर बूट. म्हातारा मागून म्हणाला, आते गहूबी गया आनि बूटबी गया. परत फिरून डांबरी रस्ता, म्हणजे दीड किलोमीटर वाचण्याऐवजी दोन वाढले. ओल्या मोज्यांत.

मंदिराशी पोहोचल्यावर मी पहिल्यांदा सगळ्यांना रांगेत उभं करून फोटो घेतला. रांग उत्कृष्ट. नंतर बघतो तर सोबत आलेल्या कामिनी मॅडम जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, मुलांचे बूट काढायला लावून एकेकाचा पाय मांडीवर घेऊन बघतायत. फोड, चिखल, सुरकुतलेली पांढरी कातडी. तो वास! मला शिसारी आली, मी तळ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. एका अधिकारपदाच्या उमेदवाराने असं करावं? पोरांना धाक कसा राहणार?

घरी आईने विचारलं, पाय दखात का पोरेस्ना? मी म्हटलं, मी ऑफिसर आहे, चांभार नाही. आईने जेवायला वाढलं आणि आत गेली.

१४ डिसेंबर

चाळीस तास पूर्ण. उपस्थिती शंभर टक्के. पेढे आणले. आईला दोन दिले. तिचा वाटा यात आहेच, बटणापुरता.

उद्यापासून रिव्हिजन. व्हिडिओ चाळीस तासांचे, दिवस पाच. म्हणजे रोज आठ तास. सहज होईल.

१७ डिसेंबर

सर्दी. रिव्हिजन पुढे ढकलली. रुमाल बघवत नाही.

१९ डिसेंबर

आई म्हणाली, ये, बस, मी सांगस तुले. पहिल्यापासून बठ्ठं सांगस. मी म्हटलं, आई, बारा वर्षांचा अनुभव आहे. ती म्हणाली, बरं. मग शेंगा सोलत बसली.

युनिफॉर्मला इस्त्री. बूट दोनदा पॉलिश केले. परीक्षेत कॅमेरा कमरेपर्यंतच असतो, पण आत्मविश्वास पायातून येतो.

२० डिसेंबर, दुपारी १

तोंडी झाली. खोलीत एकट्याने बसायचं होतं. पडद्यावर एक लेफ्टनंट कर्नल साहेब. मिशी नीट, पण सारखं नाक ओढत होते.

म्हणाले, तुमची उपस्थिती फार चांगली, काही व्हिडिओ तुम्ही दोनदा पाहिलेत. मी म्हटलं, येस सर. (आईला विचारलं पाहिजे.)

म्हणाले, ट्रूपमधल्या पाच कॅडेट्सची नावं सांगा, आणि प्रत्येकाच्या घरी कोण आहे. मी दोन नावं सांगितली. नंतर आठवलं, त्यातला एक गेल्या वर्षीच दहावी होऊन गेला.

म्हणाले, मार्चहून परतल्यावर अधिकारी सर्वांत आधी काय तपासतो? हा सोपा होता. मी म्हटलं, सर, फोटोला लोकेशन आलंय का ते.

साहेबांनी समोरच्या कागदावर एक रेघ मारली. उत्तर नोंदवलं असावं. मग म्हणाले, थँक यू, आपण थांबू.

एकंदरीत बरी गेली. थोडक्यात आटोपली म्हणजे त्यांचं समाधान झालं.

दार उघडलं तर आई बाहेर खुर्चीवर. फक्त म्हणाली, पाय रे भटू. पाय दखतस पहिले.

२९ डिसेंबर

निकाल. उपस्थिती शंभर टक्के, विभागात प्रथम. प्रमाणपत्र वेगळं येणार. तोंडी : अनुत्तीर्ण.

अपील करणार. मुद्दे तयार : एक, सर्दी. दोन, परीक्षकाचं नाक. तीन, मांजर.

रुपचंद सरांनी एनसीसीच्या खोलीची किल्ली मागितली. दिली. त्यांच्या हातालाही काहीतरी चिकट होतं. कामिनी मॅडम म्हणाल्या, सर, सव्वीसला याच, आणि आईंना नक्की आणा. दयेची भाषा मला कळते. जाणार नाही.

६ जानेवारी

अपिलाचा मसुदा सुरू. ‘महोदय’ लिहून झालं.

२५ जानेवारी

आई म्हणते जायचंच. गुडघ्याला पट्टा बांधून बसलीय सकाळपासून. ठीक आहे. तिच्यासाठी जातो. साध्या कपड्यांत.

२६ जानेवारी, दुपारी १२.३०

गेलो. पाहुण्यांमागच्या तिसऱ्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्च्या. माझीच ओलसर होती, कशाने ते पाहिलं नाही.

ट्रूप आला. पुढे कामिनी मॅडम. बेरेट जरा सरळच बसली होती त्यांची. मनात म्हटलं, आता चुका दिसतील. बारा वर्षांची नजर आहे. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत बारकाईने बघत होतो. हात, खांदे, अंतर. काही सापडेना.

आईने माझं मनगट धरलं. म्हणाली, तिसरी रांगमा ती उंच पोर. उपाशी शे. पडी जाई.

मी पाहिलं. उंच पोरगी होती, चालत होती, हात खांद्याबरोबर येत होते. मी म्हटलं, काही नाही झालेलं तिला.

झेंड्याला सलामी होऊन ट्रूप थांबला. भाषण सुरू झालं. मॅडम हळूच रांगेत मागे गेल्या, त्या मुलीच्या दंडाला धरून तिला मंडपाच्या सावलीत आणून बसवलं, डोकं गुडघ्यांत घालायला लावलं आणि खिशातून गुळाचा खडा काढून दिला. पडली नाही ती. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी आलो. आईला विचारलं, तुला एवढ्या लांबून कसं कळलं? म्हणाली, तोंड दख ना रे तिन्हं.

मी पाहिलं होतं. मला रांग सरळ दिसली.