एडिटर उद्या तयार होईल

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.१०
विद्यार्थी मित्रहो! प्रोग्राम लिहायच्या या लॅबमधल्या कळकट एडिटरचा जुलूम आपण किती दिवस सहन करायचा? पांढरा पडदा, काळी अक्षरं, कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला याचा पत्ता नाही!

(वर्गात हे असंच म्हणायचं. ‘जुलूम’ म्हणताना टेबलावर मूठ. पाण्याचा ग्लास आधी बाजूला घ्यायचा. मागच्या वर्षी राहून गेलं होतं.)

दोन वर्षं भांडून कॉलेजात फंक्शनल प्रोग्रामिंग सुरू करून घेतलं. मुलं अठरा. विभागप्रमुख मॅडमची अट अशी, की २७ तारखेला अकरा वाजता निदान बारा मुलांनी त्यांच्यासमोर स्वतःचा प्रोग्राम चालवून दाखवायचा. नाहीतर विषय बंद, आणि आपले तास शेजारच्या ‘प्रेझेंटेशन स्किल्स’वाल्याला. अट अपमानास्पद आहे. मी बारा म्हणत नाही, अठरा म्हणतो.

संकल्प: आज एडिटर. उद्यापासून शिकवणं.

दुपारी ४.००
भाषण पन्नास मिनिटं. सगळा विषय दोन वाक्यांत मांडला: एकदा ठेवलेली किंमत बदलायची नाही. तेच आत टाकलं की दरवेळी तेच बाहेर आलं पाहिजे. बदल हाच शत्रू! टाळ्या.

मग पहिल्या बाकावरची ती मुलगी उठली. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण सर’ने सुरू होतं, म्हणून सगळे तिला पणसरच म्हणतात. म्हणाली, पण सर, बदल शत्रू आहे तर एडिटर का बदलायचा? वेळ संपली होती.

ही मुलगी दुसऱ्या कॉलेजातून उशिरा आली. बाकी विषयांच्या जागा भरल्यात. आपला विषय बंद झाला तर तिचं वर्ष जाईल. म्हणजे तिच्यासाठी तरी एडिटर उत्तमच हवा.

३ फेब्रुवारी, मंगळवार
अठराही मशीनवर नवा एडिटर टाकला. गडद पार्श्वभूमी, कंसांना सात रंग, बाणाची खूण टाइप केली की ती खरंच बाणासारखी दिसते. डोळे भरून आले.

लॅब सांभाळणाऱ्या ताई बारा वर्षं इथे आहेत. फारसं बोलत नाहीत. म्हणाल्या, सर, एक सांगू का? ही मशीनं बंद केली ना, की... म्हटलं, ताई, बंदची भाषा आता नको, आता फक्त सुरुवात! त्या कीबोर्ड पुसू लागल्या. भारावल्या असाव्यात.

शेवटी बाहेर पडलो, दाराजवळचा मेन स्विच बंद केला. शेवटी जाणाऱ्याने तो बंद करायचा हा नियम माझ्याच एका भाषणातून झालेला आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९.१५
सगळं गायब. अठराच्या अठरा मशीनवर तोच कळकट एडिटर!

९.४०
घातपात. प्रेझेंटेशनवाला व्हरांड्यात भेटला आणि हसला. तो सगळ्यांकडेच बघून हसतो, पण आज जास्त हसला.

आज शिकवणं होणार नाही. उद्या.

९ फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा टाकला, पुन्हा गायब. चौथी खेप. निराश नाही, कारण दर खेपेला माझ्या पेनड्राइव्हवरची सेटिंगची फाईल सुधारते आहे. आज अकराव्यांदा बदलली. हिरवा आता खराखुरा हिरवा वाटतो.

मी मशीनवर मशीन करत होतो तेव्हा मुलं मागे ताईंभोवती घोळका करून काहीतरी टाइप करत होती. गेम असणार. मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

जाताना ताई म्हणाल्या, सर, डी ड्राइव्हवर जर... म्हटलं, ताई, ड्राइव्ह मनात लागतो! हे चांगलं जमलं. २७ ला वापरावं.

११ फेब्रुवारी, बुधवार
रात्रभर लॅबमध्ये पहारा ठेवावा असं मॅडमना सुचवलं. त्यांनी विचारलं, मुलांना किती फंक्शन शिकवून झाली? म्हटलं, पाया घालतोय. म्हणाल्या, पाया किती खोल जाणार आहे?

साहित्य, इतिहास, राजकारण सगळं वाचलं आहे मी. पायाची खोली कोणत्याच पुस्तकात दिलेली नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
घरी भाषणाची तालीम. बायको भाजी चिरत ऐकत होती. शुद्ध फंक्शन म्हणजे काय ते तिला समजावलं. तेच टाकलं की तेच बाहेर येतं. ती म्हणाली, कळलं की. तुमच्यात काहीही टाका, भाषणच बाहेर येतं.

व्याख्येत ते बसत नाही. पण भेंडी चांगली झाली होती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सातवी खेप. पाठीत उसण. आठवडा उरला आणि एकही फंक्शन शिकवून झालेलं नाही, हे खरं आहे. पण विद्यार्थ्यांमध्ये जाज्वल्य असंतोष निर्माण झाला आहे, तो मोजता येत नाही.

पणसर म्हणाली, पण सर, आहे त्याच एडिटरमध्ये सुरू केलं तर? तिला पाऊण तास समजावलं की गुलामीची सवय अशीच लागते. तिने फोन टेबलावर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. पहिल्या दिवसापासून करते म्हणे. निदान एक तरी शिष्य मिळाली.

ताईंनी हात वर केला होता. वेळ संपली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.००
निर्णायक चाल! एडिटर नवव्यांदा टाकला. सगळ्यांना बाहेर काढलं. मेन स्विच बंद केला, लॅबला माझं स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली एकच आणि ती माझ्या खिशात. आता ये म्हणावं कोण येतो ते.

मुलांना एडिटर उद्या सकाळी आठला मिळेल. शिकायला तीन तास. फ्रेंच राज्यक्रांतीत एका सकाळीत बरंच काही झालं होतं.

बायको म्हणाली, किल्ली उशीखाली कशाला? मान अवघडेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.५०
मान अवघडली. कुलूप जसंच्या तसं. आत शिरलो, मशीनं सुरू केली.

गायब.

काल आत शेवटचा मी होतो. आज पहिला मी. मध्ये कोणीच नाही. म्हणजे घातपात करणारा...

पुढे विचार केला नाही. भाषण चाळीस मिनिटांवरून सत्तरवर नेलं. मॅडमना बारापर्यंत बोलण्यात गुंतवायचं.

संध्याकाळी ५.००
जसं झालं तसं लिहितो.

अकराला उभा राहिलो. म्हटलं, मित्रहो, आज अंधाऱ्या शक्तींनी... मॅडम म्हणाल्या, सर, बसा.

मुलांनी डी ड्राइव्ह उघडला. तोच कळकट एडिटर, पांढरा पडदा. आणि एकामागून एक प्रोग्राम चालू लागले. अठरापैकी सतरा. अठरावा मुलगा तापाने घरी होता.

पणसरने माझी चार आठवड्यांची रेकॉर्डिंगं ऐकून शब्द टाइप केले होते. तिच्या प्रोग्रामने ते गाळले, मोजले आणि पडद्यावर मांडले. एडिटर: दोनशे चौदा. उद्या: एकसष्ट. क्रांती: अठ्ठेचाळीस. फंक्शन: तीन. म्हणाली, पण सर, तपासून बघा, कितीही वेळा चालवला तरी तेच उत्तर येतं.

वर्ग हसला. तिचं वर्ष वाचलं. मलाही हसू आलं, जरा उशिरा.

मॅडमनी विचारलं, कोणी शिकवलं? सतरा माना ताईंकडे वळल्या. ताईंनी ग्रंथालयातून पुस्तक आणून आधी स्वतः सोडवलं, मग मुलांना दाखवलं. पुस्तकाची शिफारस माझी होती. हे मी मोठ्याने म्हणालो. कोणी टाळी वाजवली नाही.

मग मॅडमनी फायलीतून एक अर्ज काढला. तीन वर्षांपूर्वीचा. मुलं लॅबमध्ये गेम टाकतात, म्हणून बंद करून पुन्हा सुरू करताच प्रत्येक मशीन होतं तसं व्हावं. बाहेरची एकही गोष्ट टिकता कामा नये. फक्त डी ड्राइव्हवर ठेवलेलं टिकावं. ही व्यवस्था बदलायचा पासवर्ड कोणत्याही शिक्षकाला, मी स्वतः मागितला तरी, देऊ नये. खाली सही माझी. वळणदार, ठाम, दोनदा अधोरेखित.

ताई म्हणाल्या, सर, मी हे तीन तारखेपासून सांगत होते. विचारलं, किती वेळा? म्हणाल्या, सात वेळा सुरुवात केली.

विषय चालू राहणार. प्रॅक्टिकलचे तास ताईंकडे. माझ्याकडे सोमवारी नऊला पहिलं लेक्चर; त्याच्या सुरुवातीला ताई मुलांना प्रॅक्टिकलचं सांगणार. पणसर दारात थांबून म्हणाली, पण सर, सोमवारी एक तरी फंक्शन शिकवाल ना? तिच्या वाक्यात ‘उद्या’ हा शब्द नव्हता, मी उत्तर देताना वापरणार होतो, गिळला.

बायकोला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या ताईंचे आभार मानले का? मानायला उभा राहिलो होतो. तेवढ्यात तास संपला.

तेव्हा, हे माझ्या तोंडा! आजवर तुझ्यावर सर्वांत जास्त अन्याय कोणी केला असेल तर मी, तुला कधी विश्रांतीच दिली नाही. सोमवारी सकाळी नऊला ताई फळ्यापाशी येतील. त्यांचं पहिलं वाक्य पूर्ण होईपर्यंत मिटून राहा.