नाव न घेता दिलेलं पाणी

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी चेन्नईला पोचलो. अड्यारमध्ये राममूर्ती रावांच्या माडीवरची खोली मिळाली. हे तंजावरकडचे मराठी. त्यांच्या पत्नी सईबाई यांनी दारातच ‘या, बैसा’ म्हणून स्वागत केलं. शब्द पोथीतले आणि हेल तमिळ, त्यामुळे बोलणं निम्मं कळलं, पण सगळं आवडलं. तुमच्या पुण्याकडे अजून ‘बैसा’ म्हणतात का, असं रावांनी विचारलं. आता तिकडे कुणी बसायलाच सांगत नाही, असं मी म्हणालो. दोघंही पोट धरून हसले.

खिडकीच्या कट्ट्यावर देव मांडले, उदबत्ती लावली. दुपारी समुद्रवारा आला आणि पडदा पोटासारखा फुगला. हवाई दलात उभी नोकरी हवामानाच्या नोंदी करण्यात गेली. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा तेच काम मिळालं, ही देवाची कृपाच.

१८ एप्रिल, शुक्रवार

पेरुंगुडीपलीकडे, दलदलीच्या काठाला मोठं बांधकाम चालू आहे. तिथे मी हवामान निरीक्षक. काम सोपं आहे. झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक आहेत. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली, वातीचं टोक खालच्या बाटलीतल्या पाण्यात. दोन्ही वाचायचे, गणित मांडायचं, आणि उकाडा माणसाला सोसण्यापलीकडे गेला की लाल झेंडा लावायचा. झेंडा लागला की काम बंद.

साइटचा मॅनेजर दर्शन नाशिकचा, पस्तिशीचा. मला काका म्हणतो. मराठी ऐकून बरं वाटलं असं म्हणाला आणि स्वतः चहा आणून दिला.

एक गोष्ट मात्र खटकली. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला कुलूप आहे. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीतच उघडतं, किल्ली दर्शनकडे. पाण्याच्या नावाखाली ही माणसं सावलीत जाऊन बसतात, असं त्याचं म्हणणं. त्याच वेळी वर नव्या स्लॅबवर मातीची आळी करून घोटाभर पाणी साठवलं होतं. सिमेंट तडकू नये म्हणून.

मोसमाचा अंदाजही आज आला. उन्हाळा नेहमीपेक्षा कडक. दुपारनंतर गडगडाट, वीज, पाऊस नाममात्र. दलदलीतलं वाळलेलं बोरूचं गवत पेटण्याचा धोका. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या त्या बोरूला लागूनच आहेत. दर्शनला अंदाज दाखवला. तो म्हणाला, काका, अंदाजच तो.

२३ एप्रिल, बुधवार

ओल्या तापमापकाची बाटली रोज दुपारी रिकामी होते. सकाळी काठोकाठ भरतो. इतकं बाष्पीभवन होत नाही. हे मी आयुष्यभर पाहत आलोय. आज वात काढून पाहिली. कोरडी ठाक, आणि चोखलेल्या उसासारखी चपटी.

वाळूची पाटी वाहणाऱ्या विजयलक्ष्मीने मला बाटली हलवून पाहताना पाहिलं. सार, तुमची पेटीसुद्धा आमच्यासारखीच तहानेली दिसते, तिलाही सुट्टीपर्यंत थांबायला सांगा, असं म्हणून ती हसली. मग हसू आवरून सांगितलं, की गेल्या मे महिन्यात उत्तरेकडचा एक माणूस ह्याच जागी पडला. तेव्हा पेटी नव्हती, टाकीचा नळ होता. भर दुपारी तो कुलूप लावलेल्या नळाला तोंड लावून बसला होता, तसाच गेला. नाव काय, म्हणून विचारलं. सगळे त्याला भैया म्हणायचे. ठेकेदारालाही नाव माहीत नव्हतं.

मी दर्शनकडे गेलो. तो म्हणाला, हार्टचा प्रॉब्लेम होता त्याला. ज्याचं नाव माहीत नाही त्याचं हृदय ह्यांना माहीत होतं!

२६ एप्रिल, शनिवार

खोलीतला दिवा अजून मालवलेला नाही. रामरक्षा म्हणून झाली, तरी.

समुद्रवारा दुपारपर्यंत आलाच नाही. कोरडा तापमापक एकोणचाळीस दाखवत होता. ओला त्याहून खालीच हवा. फार तर बरोबरीला येईल, वर जाऊच शकत नाही. आज ओला बेचाळीस दाखवत होता. माझ्या डोळ्यांदेखत पारा चढला. ताप मोजताना तोंडात धरतात ना, तसा कुणीतरी तो तोंडात धरला होता. तापाने भाजणाऱ्या तोंडात. बारीक घोटांचा आवाज येत होता.

दर्शनला सांगितलं. काका, यंत्र बदला, माणसं नका थांबवू, असं म्हणून त्याने मी लावलेला झेंडा उतरवला. पुढचा स्लॅब भरायचा आहे.

मला भुतापेक्षा त्याचाच जास्त राग आला.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आज पितरांच्या नावे पाण्याने भरलेला करा देतात. सईबाईंनी मातीचं मडकं दिलं. ते भरून पेटीखाली ठेवलं, वाळा घातला, हात जोडले. पितराचं नाव घ्यावं लागतं. त्याचं नाव ठाऊक नव्हतं. म्हणून म्हणालो, जो कुणी तहानेला असेल त्याला हे पाणी पोचो.

मन शांत झालं. संध्याकाळी सईबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. नाव न घेता पाणी देतात का, असं त्यांनी विचारलं. नावाने दिलेलं पाणी एकाला पोचतं आणि तो तृप्त होऊन जातो. बिननावाचं दिलंत तर किती जण येतील, आणि पुरे झालं हे त्यांना सांगणार कोण?

२ मे, शुक्रवार

बाटली भरलेलीच राहिली. मला वाटलं, सुटलो.

पण हात धुवायचं पिंप रिकामं. कुत्र्यांसाठी ठेवलेली परात रिकामी. माझ्या गळ्यातला ओला पंचा पाठीमागून कुणी पिळावा तसा एका क्षणात वाळला.

आज पुन्हा झेंडा लावला. दर्शनने उतरवून केबिनच्या कपाटात ठेवला. कपाटालाही कुलूप.

५ मे, सोमवार

कत्तिरी लागली. इथे ह्या कडक दिवसांना तसं म्हणतात.

विजयलक्ष्मी पाटीसकट पडली. अंग तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. इतक्या उन्हात घाम नाही! तिच्या ओठांवर मीठ होतं आणि कपाळाची कातडी कुणी चाटावी तशी कोरडी. मी किल्ली मागितली. दर्शन म्हणाला, सकाळी जेवून येत नाहीत ही माणसं. शेवटी रावांनी दिलेल्या माझ्या ताकाच्या बाटलीने तिचे ओठ ओले केले, रिक्षात घातलं.

वाचली. उद्याही कामावर यायचं म्हणते. खाडा झाला की खोली काढून घेतात.

भर दुपारी पेटीभोवती उकिडवे बसलेले दिसतात. एक नाही. पुष्कळ. त्यांच्या सावल्या पडत नाहीत. सगळ्यांची तोंडं उघडी.

७ मे, बुधवार

दुपारी गडगडलं. पाऊस नाही. वीज बोरूत पडली आणि आग सुसाट धावत आली. माणसं घमेली घेऊन टाकीकडे पळाली. कुलूप. दर्शन केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला की अग्निशामकवाल्यांना फोन केलाय, टाकीला हात लावायचा नाही, उद्या स्लॅबवर पाणी मारायचंय.

तीन खोल्या गेल्या. विजयलक्ष्मीची त्यात. ती राखेत भांडी शोधत होती. रडत नव्हती. रडायला अंगात पाणी लागतं.

मी दर्शनच्या पाया पडलो. हो, पडलो. तो हसला. काका, तुम्ही गावाकडचे, फार मनावर घेता.

तेव्हा पेटीजवळ गेलो. बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं. दर्शनचं पूर्ण नाव घेतलं. त्याच्या बापाचं. गावाचं. म्हणालो, पाणी ह्याच्याकडे आहे.

जिवंत माणसाचं नाव असं घेत नाहीत. मला ठाऊक होतं.

८ मे, गुरुवार

दर्शन केबिनमध्ये सापडला. एसी चालू. आटलेल्या तळ्याच्या तळासारखे ओठ. फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्या — सील तसंच, आत थेंब नाही.

किल्ली त्याच्या मुठीत होती. मी काढली. टाकी उघडली. माणसं प्याली, पोरांना पाजलं, डोक्यावर ओतलं.

पश्चात्ताप होईना. देवापुढे बसलो, तरी होईना.

९ मे, शुक्रवार

नवा मॅनेजर आला. पहिलं काम — नवं कुलूप. वरून आदेश आहे म्हणाला. वरून म्हणजे कुणाकडून, विचारलं. त्यालाही माहीत नाही. फाटकावरच्या बोर्डावर फक्त कंपनीचं नाव. माणसाचं एकही नाही.

दुपार. वारा नाही. ते पुन्हा बसलेत. आता पेटीकडे नाही, माझ्याकडे बघतात. नाव मागतात. बोलत नाहीत — ओठ हलतात — मला कळतं.

वरच्यांची खरी नावं मला माहीत नाहीत रे! असती तर एकेक करून —

विजयलक्ष्मी पाटी उचलतेय. ते उठले. तिच्या मागे उभे. तिची मान घामाने ओली आहे. तिचं नाव मला माहीत आहे, हे त्यांना कळलंय. आत्ता कुणाचं नाव घेतलं नाही तर —

एक जण वाकला. तिच्या मानेजवळ —

मला सकाळपासून घाम नाही.

बाटली उघडली. तळहात ओला केला. ऐका, इकडे बघा, तिला सोडा. पूर्ण नाव हवं ना? घ्या. माझं नाव उमाकांत, बाप दत्तोबा, गाव पिंपळ—