लेकीच्या घरचं पाणी आणि चाळीस वॅटची ट्यूबलाईट

मु. पो. अमडापूर, ता. चिखली
दि. १४ फेब्रुवारी १९६५

श्रीमान जानरावजी जावईबापू यांना इंद्रभानचा रामराम. तुम्ही वयाने माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण माझ्या धाकट्या बहिणीचे मालक म्हणून मानाने मोठे. त्यामुळे नमस्कारही मीच करतो आणि आशीर्वादही मीच देतो; दोन्हींपैकी जे सोयीचं वाटेल ते ठेवून घ्यावं. इकडे सर्व खुशाल आहे. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, आता तिला नको ते सगळं दिसतं. सौ. अन्नपूर्णा माझं काही ऐकत नाही, म्हणजे तिचीही प्रकृती उत्तम आहे. चि. कोकिळेला रत्नागिरीची हवा मानवली का? तिला म्हणावं, माहेरी पत्र टाकायला पोस्टाची बंदी नाही. आणि तुम्ही दिलेलं समुद्रफूल जिवंत आहे. (हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहिलं, कारण पुढचा मजकूर वाचताना तुम्हाला अधूनमधून शंका येईल.)

भाऊबीज आटोपून मी कोकिळेला पोचवायला आलो, तेव्हा तुम्ही मला तुमच्या मासे खात्याच्या ऑफिसात नेऊन काचेच्या पेट्या दाखवल्या. त्यांतल्या एका दगडावर बसलेलं ते फूल मी पाहिलं. खरं म्हणजे पाहिलं नाही, ते त्या वेळी मिटलेलं होतं. तुम्ही म्हणालात की हे झाड नाही, जनावर आहे, समुद्रातल्या उथळ खडकावर राहतं, त्याला उजेड लागतो, आणि उमललं की बघणारा जागचा हलत नाही. माझं कुतूहल पाहून तुम्ही दगडासकट ते मला देऊन टाकलंत, वर समुद्राचं पाणी दोन डबे भरून दिलंत. त्याला उजेड किती लागतो आणि कोणता लागतो, हे तुम्ही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकवीस वर्षं पंचक्रोशीतल्या वरातींना गॅसबत्त्या पुरवणाऱ्या माणसाने उजेडाविषयी दुसऱ्याला विचारायचं, हे माझ्या जिवावर आलं. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, पण बत्ती, घड्याळ आणि पिठाच्या गिरणीचं इंजिन या तिन्ही गोष्टी स्वतः उघडून, स्वतः बिघडवून, स्वतःच शिकलो आहे.

तीन एस.ट्या आणि एक रेल्वे करून मी घरी पोचलो, तर आई उंबऱ्यातच आडवी. तुम्हाला ठाऊकच आहे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही अशी आमच्या घरची रीत. ती पाळायची म्हणून तर मी रत्नागिरीत तीन दिवस खाणावळीत जेवलो आणि तुमच्याकडे तोंडसुद्धा धुतलं नाही. (तुम्हाला ते तुसडेपणाचं वाटलं असल्यास माफी असावी.) इतकं कडक वागलो आणि निघताना अक्कल कुठे गेली कोण जाणे, थेट दोन डबे पाणीच उचलून आणलं! आई म्हणाली, "लोक लेकीच्या घरी घोटभर पाणी पेत नाईत, अन् तू तं डब्यानं घेऊन आला!" मी म्हणालो, म्या कुठं पेऊन राह्यलो? त्यावर ती म्हणाली, "पेला नाईस, पण घरात तं घेतलं नं?" हे पाणी समुद्राचं आहे, समुद्र काही जावईबापूंच्या मालकीचा नाही, असा मुद्दा मी मांडून पाहिला. तिने विचारलं, डबे कोणाचे? डबे तुमचे होते. मुद्दा संपला.

अखेर तडजोड झाली. खिडकीची काच, पत्र्याची चौकट आणि डांबर यांपासून मी जी पेटी केली (एक थेंब गळत नाही, येऊन बोट लावून पाहावं), ती माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत जी आरपार खिडकी आहे, तीत बसवली. आईची बैठक माजघरात. ते पाणी डोळ्यांपुढे नको म्हणून तिने आपल्या जुन्या निळ्या लुगड्याचा तुकडा पेटीच्या तोंडावर अंथरला आणि तिच्या बाजूने खाली सोडला. स्वयंपाकघराच्या बाजूने पेटी उघडी राहिली. मला तो तुकडा डोळ्यांत सलायचा. उजेडाच्या वाटेत चिंधी, आणि तीही बत्तीवाल्याच्या घरात! पण आईपुढे काय बोलणार? ती पाहत असली की मी चिंधी तशीच ठेवायचो आणि ती वळली की मागे सारायचो; मी दुकानात गेलो की ती परत अंथरायची.

आता उजेडाची हकीगत. पहिला आठवडा वर कंदील टांगला. फूल सुकलेल्या बोरासारखं बसून राहिलं. मग मी गॅसबत्ती लावली, मोठी, तीनशे मेणबत्त्यांच्या ताकदीची, जिच्याखाली एका वरातीत नवरदेवाच्या बाशिंगातला प्रत्येक मणी मोजता येतो. पाऊण तासात पाणी अंघोळीला काढावं तसं कोमट झालं आणि बोराचा हरभरा झाला. अन्नपूर्णेने रागारागाने सुपाने वारा घातला. पौषात आमच्या आळीत वीज आली, तेव्हा शंभर वॅटचा गोळा टांगला. पेटीत विहिरीचं पाणी ओतताना (पाणी आटून खारेपणा वाढतो, म्हणून काचेवर खूण करून मी रोज तेवढीच भर घालतो, हे मला कोणी शिकवलेलं नाही) एक शिंतोडा गोळ्यावर उडाला आणि तो असा फुटला, की आई "लेकीच्या घरचं पाणी अंगावर आलं" म्हणून वाती वळायच्या सोडून देवापुढे जाऊन बसली. शेवटी चिखलीहून चाळीस वॅटची ट्यूबलाईट आणली. चोक, स्टार्टर, लाकडी पट्टी, सगळी जोडणी माझी. थंड, पांढरा, सरळ उजेड. यापुढे सुधारणेला जागा नाही असा. मी दुकानात असलो की ट्यूब लावून ठेवण्याचं काम अन्नपूर्णेकडे दिलं.

आणि इथून माझी जी मती गुंग झाली, ती आजवर ताळ्यावर नाही. चौथ्या दिवशी दुपारी फूल उमललं. अन्नपूर्णेने पाहिलं. निरोप मिळताच मी हातातलं घड्याळ तसंच उघडं टाकून धावत आलो, चिंधी दूर केली, वाकून पाहिलं, तर बोर. दुसऱ्या दिवशी पोस्टमन भगवानराव पाणी प्यायला आत आले, त्यांनी पाहिलं. शेजारच्या सोजराबाई विरजण मागायला आल्या, त्यांनीही पाहिलं. आमचे दोस्त पंजाबराव, ज्यांना डाळिंब आणि कांदा यांतला फरक सांगावा लागतो, ते पाटावर बसून अर्धा तास पाहत राहिले आणि चावडीवर जाऊन त्याचं वर्णन करून आले: टोकाला जांभळं, मधे हिरवट, अन् वारा नसताना हलते! साऱ्या गावाने पाहिलं. पेटी ज्याची, ट्यूब ज्याची, त्याला तेवढं दिसलं नाही. मी घरात पाऊल टाकायचा अवकाश, ते आपलं मिटलेलं.

मी याचा शिस्तीत छडा लावायचं ठरवलं. माझ्या अंगाला रॉकेलचा वास येतो म्हणून दुकानातून आल्यावर आधी अंघोळ करू लागलो. वहाणांचा आवाज होतो म्हणून अनवाणी आलो. पुढच्या दाराने येतो म्हणून मागच्या दाराने आलो. एके दिवशी पंजाबरावांचा सदरा आणि टोपी घालून, त्यांच्यासारखा खोकत घरात शिरलो. (अन्नपूर्णेने पंजाबराव समजून डोक्यावरून पदर घेतला, म्हणजे सोंगात कसूर नव्हती.) चिंधी सारली, पाहिलं, बोर! पंजाबराव म्हणाले, "इंद्रभान, तुयं तोंड पाह्यलं का ते दार लावून घेते बे." लोक हसले. मीही हसलो, पण जावईबापू, त्या रात्री भाकर गोड लागली नाही. एवढ्या लांबून आणलेला जीव, त्याच्यासाठी चार तऱ्हेचे उजेड केले, आणि त्याने नेमकं माझ्याकडेच पाठ फिरवावी? तेव्हा रागाच्या भरात तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं, की हे फूल परत न्या. बरं झालं टाकलं नाही.

मंगळवारी मी असाच चिंधी सारून तोंड पाडून उभा होतो. अन्नपूर्णा तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "तुमी आल्याबरोबर त्याच्या आंगावरचं पांघरून ओढता. निजलेल्या माणसाचं ओढल्यावानी. म्या बी तोंड लपवलं असतं." मी म्हटलं, ते पांघरूण नव्हे, आईची चिंधी आहे, उजेड अडवते. ती म्हणाली, "आडवत नाई. निळा करते."

मी ती चिंधी उजेडापुढे धरून पाहिली. मग जशी होती तशी अंथरली, माजघराच्या बाजूची घडीसुद्धा तशीच सोडली, आणि स्वयंपाकघरात पाटावर हात मांडीवर ठेवून बसलो. हात रिकामे ठेवून बसणं मला किती अवघड जातं, हे कोकिळेला विचारा. दोनदा स्टार्टर तपासायला उठलो, दोन्ही वेळा अन्नपूर्णेने उलथन्याने परत बसवलं. पाच भाकरी झाल्या. सहावी तव्यावर पडली तेव्हा त्या निळ्या उजेडात बोराच्या तोंडाला एक बारीक फट पडली, आणि आतून एकेक बोट बाहेर येऊ लागलं. मी वहीत नोंद करण्यासाठी पाकळ्या मोजायला घेतल्या. एकतीसपर्यंत मोजल्या, मग मोजायचं राहूनच गेलं. सहावी भाकर करपली, पण कोणी कोणाला बोललं नाही.

आता माझी शंका अशी आहे. कंदिलाहून बत्ती मोठी, बत्तीहून गोळा सोयीचा, गोळ्याहून ट्यूब सरस, अशी मी पायरी-पायरीने सुधारणा करत आलो. मग त्या सर्वांवर एक जुनेर टाकल्यावर काम झालं, तर मी उजेड वाढवला की घटवला? की समुद्र निळा असतो म्हणून त्याला निळाच उजेड ओळखीचा? तसं असेल, तर चौथी शिकलेल्या माणसाला सुचलं नाही ते अक्षरशत्रू आईला पाण्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून साधलं, हे कसं? तुमच्या पुस्तकांत याचा खुलासा असल्यास कळवावा. आईच्या कानावर जाईल अशा बेताने कळवू नये.

तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना दंडवत, लहानांना पापा, आणि कोकिळेला तिने न लिहिलेल्या सर्व पत्रांबद्दल एकत्रित रागावणं.

तुमचा,
इंद्रभान

ता. क. १ : वरील राग मागे घेतो. आत्ताच भगवानराव कोकिळेचं पत्र देऊन गेले. (आधी पेटीपुढे बसले, मग पत्र दिलं.) चौथा महिना लागला हे ऐकून आईने मला ते तीनदा वाचायला लावलं. आनंद शब्दांत मावत नाही. पण आईने तेवढ्यात उठून पेटीवरचा निळा तुकडा काढला; बाळाच्या दुपट्याला तेवढं मऊ कापड घरात दुसरं नाही म्हणे. आणि मूल अजून झालेलं नाही, तोवर पाणी दिसू नये, म्हणून पेटीवर काळी घोंगडी टाकली आहे. तेव्हा कोकिळेचं एखादं निळं जुनेर ताबडतोब पाठवा. लेकीच्या घरचं कापड म्हटल्यावर आई घेणार नाही, म्हणून पार्सलवर तुमच्या खात्याचा शिक्का मारा.

ता. क. २ : कापड पाठवू नका. दोन दिवस घोंगडीखाली फूल हरभऱ्याएवढं झालं होतं. आज सकाळी आईने स्वतःच घोंगडी काढली आणि निळा तुकडा परत अंथरला. दुपट्याचं विचारलं, तर म्हणाली, "बाळाले आजून सहा मयने हायेत. याले आज पाह्यजे." दुपारी उमललं. आईने माजघराच्या बाजूने पडद्याचं टोक उचलून पाहिलं. मी पाहिलेलं तिला माहीत नाही.

ता. क. ३ : वरच्या सगळ्या मजकुराला उत्तर नाही दिलं तरी चालेल, पण याला द्यावं. सातव्या महिन्यात कोकिळेला पोचवायला तुम्ही स्वतः या. आईने सोजराबाईंना सांगून ठेवलं आहे की नातवंडाचं तोंड पाहिलं की रीत सुटली. त्याच दिवशी लेकीच्या घरच्या पाण्याचा पहिला घोट ती घेणार. लेकीच्या घरचं पाणी या घरात एकच आहे, ते पेटीत आहे, आणि तिने त्यासाठी पितळी फुलपात्र घासून कोनाड्यात ठेवलंसुद्धा आहे. मी काही सांगायला गेलो तर आईचं म्हणणं, तू उजेडाचं पाह्य. तुम्ही जावई आहात, तुमचा शब्द ती मोडणार नाही. येताना तुमच्या विहिरीचं गोडं पाणी एक तांब्या घेऊन या.