तो स्टोअरमध्ये आहे

१८ नोव्हेंबर, मंगळवार
संध्याकाळी रोहित आला. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून सुटून थेट इकडे गढ्यात माझ्याकडे, रिकामा डबा पाठीवर. चहाच्या आधीच म्हणाला, मामा, आईला आवरा.
कारखान्यात मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. नलूला, त्याच्या आईला, हे माहीत आहे. तरी ती त्याला दिवसभर मेसेज पाठवते. पाच वाजता मोबाइल हातात आला की सगळे एकदम वाजतात आणि रांगेतली पोरं हसतात. "लो, मम्मी का बुलेटिन आ गया." आजचा शेवटचा: उत्तर दे, नाहीतर मी गेटवर येते.
म्हटलं, मला पाठवायला सांग. निवृत्त प्राध्यापकाला कोण मेसेज करतं.

१९ नोव्हें.
नलूला फोन केला. आधी रागावली. "तुला पाठवून काय होणार, दादा? तू काय आत आहेस?" दुपारपर्यंत सुरू झाली.
"गेला."
"लोणचं विसरला."
"टेस्टिंगचा आवाज आला. खिडक्या हलल्या."
कारखान्यात गोळे उडवून बघतात, खमरियात हे आवाज रोजचेच. नलू लग्न होऊन गेली तेव्हापासून ऐकते आहे. पाहुणे दचकले की हीच हसायची.
लिहिलं, काळजी करू नको. उत्तर: "हे सगळेच म्हणतात."
खरं आहे. विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मीच खोडलं असतं.

२० नोव्हें.
नलूच्या यजमानांना, सुधाकररावांना, जाऊन आता वर्ष होईल. नोकरीत असतानाच गेले, पण घरी, रविवारी, अंघोळ करून पेपर वाचत बसले होते तेव्हा. कारखान्याने त्यांना ओरखडाही काढला नव्हता. त्यांच्या जागी रोहितला घेतलं. 'त्यांच्या जागी' म्हटलं की नलू उठून आत जाते.
आज लिहिलं तिने: "हे होते तोवर मी एक दिवस घाबरली नाही. आताच काहून असं होऊन राहिलं?"
मला माहीत नाही. तसंच लिहिलं. मग वेगळं लिहिलं: तो स्टोअरमध्ये आहे. तिथे कापड, खिळे, रंगाचे डबे. बारूद नाही.
तिचं उत्तर: "हे बरं आहे."

२४ नोव्हें.
आता रोज अकराच्या सुमारास पाठवतो. तो स्टोअरमध्ये आहे. ती लिहिते, "हो." औषधासारखं.
मधले मेसेज रोहितसाठीचेच असतात, येतात मात्र मला. स्वेटर घातलास का? घालतो. जेवलास का? एकट्याचं जेवण कधीही होतं. आता रोज एक वाजता होतं. आज बाजारात मटार स्वस्त, थैलीभर आणले. सोलता सोलता तिच्याशी वाद: घुगरीत आलं जास्त हवं की नको. ती म्हणते, तुला चवीचं कधीच कळलं नाही, तू फक्त पुस्तकं चाख. त्या वादात एक टेस्टिंग होऊन गेली असावी. तिने लिहिलं नाही.

२७ नोव्हें.
रोहितचा फोन, गेटबाहेरून. सोमवारपासून फिलिंग सेक्शन. म्हणजे बारूद भरतात तिथे. बदली झाली असेल असं मला वाटलं. नाही. स्वतः मागून घेतलं.
"स्टोअरमध्ये मी नुसता बाबांचा मुलगा आहे, मामा. सगळे खुर्ची देतात. काम कोणी देत नाही."
सुधाकररावही फिलिंगमध्येच होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नलूला ते तेव्हाही माहीत होतं.
आईला सांग म्हटलं. म्हणाला, तुम्ही सांगा, नाहीतर राहू द्या. तुमच्या त्या एका मेसेजवर तिचं बरं चाललं आहे.

२८ नोव्हें.
अकरा. पाठवलं. आज खरं आहे.
तिने हसरा चेहरा पाठवला. वर्षभरात पहिला. मोबाइल पालथा ठेवून दिला.

२९ नोव्हें.
आजही खरं होतं. पाठवलं नाही. दुपारी तिनेच विचारलं, "काय रे, झोपलास?" डोकं दुखतंय म्हणालो. मग संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्याची चौकशी. सुंठ उगाळून लाव. लावली.

३० नोव्हें., रविवार
खरं तर जायला हवं होतं. पण समोर गेलो की ती माझा चेहरा बघते, चहा टाकते, आणि मी चहा पिऊन परत येतो. लिहिलेलं तिला पुन्हा वाचता येईल.
रोहितला आधी सांगितलं. "लिहा," एवढंच म्हणाला.
लिहिलं: नलू, रोहित उद्यापासून फिलिंगमध्ये जाणार. त्याने स्वतः मागितलं. मला गुरुवारी कळलं. स्टोअरचा मेसेज आता पाठवणार नाही.
वाचलं तिने.
"गुरुवारी?"
हो.
"म्हणून डोकं दुखत होतं."
हो.
मग:
"मग उद्या काय पाठवशील, दादा?"
रात्रीपर्यंत उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर पोरांना वाक्यं शिकवली. रोहितने कळवलं, आई बोलत नाही, पण मेथी निवडून ठेवते आहे डब्यासाठी.

१ डिसेंबर, सोमवार
"गेला."
लिहिलं, हो.
"बस, एवढंच?"
सध्या एवढंच.
नऊ ते अकरा तिचं काही नाही. तो सुरक्षित आहे, असं लिहिलं आणि पुसलं. तिथे फार काळजी घेतात, तेही पुसलं. ती तिथल्या माणसाशी संसार करून बसली आहे, तिला मी काय सांगणार.
साडेअकराला: "आवाज आला."
गढ्यात तो ऐकू येत नाही. तेच लिहिलं: मला इथे येत नाही गं ऐकू. कसा असतो, सांग.
"कसा म्हणजे?"
म्हणजे कसा. इतकी वर्षं ऐकते आहेस. मी कधी विचारलंच नाही.
नावाखाली 'टायपिंग' दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसायला लागलं. तिला मोठं लिहायची सवय नाही, एका बोटाने लिहिते.
अजून लिहिते आहे.