पहिल्या खणातले पक्षी

मोहाडी, ता. ४ ऑगस्ट २०२४

चि. दामिनीले जागेश्वरमामाचे अनेक आशीर्वाद.

फोन लावला की तुझी मामी हातातून घेते अन् माझं बोलणं राहूनच जाते, म्हणून लिहून राहिलो. रक्ताच्या नळ्या न्यायले तुझ्या कॉलेजातला प्रफुल्ल आला आहे, त्याच्याच हाती पत्र देतो.

तू सांगितलं तसे कोंबड्यांच्या शेडात तीन खण केले होते. पहिल्यातल्या तीस पक्ष्यांले अँटिबायोटिक औषधाचा थेंब नाही, दुसऱ्याले डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं, तिसऱ्याले दुप्पट, म्हणजे आम्ही सारे देतो तेवढं. प्रफुल्लले विचारलं, हे अँटिऑक्सिडंट म्हणजे काय गा? तो म्हणे, शरीराले गंज लागू न देणारी फौज. औषध जास्त झालं की ती थकते का, हे तुले पाहायचं आहे. लोकांच्या पोरी तहसीलदार होतात, आपली कोंबडीचा गंज मोजते. मले अभिमान आहे, पण कशाचा ते पानठेल्यावर समजावता येत नाही.

तुझी मामी रुखमिणी मात्र तुझ्यावर रुसली आहे. पहिल्या खणाले काहीच नाही, हा कोणता न्याय म्हणते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा मामा

नागपूर, ता. ३० ऑगस्ट

तीर्थरूप मामा-मामींस दामिनीचा साष्टांग नमस्कार.

निकाल आले. पहिल्या खणातल्या पक्ष्यांची फौज इतकी दांडगी निघाली की मशीन बिघडलं समजून मी तीनदा तपासलं. माझे मार्गदर्शक धनंजय सर एरवी प्रयोगशाळेत फिरकत नाहीत, पण निकाल ऐकून पांढरा कोट मागवून फोटोला उभे राहिले. पेपरात बातमीही आली: औषध सोडा, कोंबडी बलवान करा. कोणतं औषध आणि किती, हे त्यात कुठंच नाही.

मला मात्र चैन नाही. नुसतं औषध न दिल्यानं एवढा फरक पडणार नाही. मामा, तिन्ही खणांचं खाणं-पाणी सारखंच होतं ना? आठवून कळवा.

तुमच्या आशीर्वादाची धनी,
दामिनी

मोहाडी, ता. १६ सप्टेंबर

चि. दामिनीले रुखमिणीमामीचा आशीर्वाद.

तुझ्या मामाले उत्तर माहीत नाही, म्हणून मी लिहून राहिली. तुझे मामा धानाच्या बांधीवर गेले की मी पहिल्या खणातल्या पाखरांले रोज मुनग्याचा, तुम्ही शेवगा म्हणता त्याचा, पाला अन् हळद खाऊ घालत होती. बाकीच्यांले दवाई भेटते, यायले काहीच नाही, माझ्यानं पाहवलं नाही. एवढ्यानं तुझं शास्त्र हालन, हे मले ठाऊक नव्हतं बाई.

ती बातमी इथंही पोहोचली. आपल्या शेजारच्या भुपेंद्रनं वाचून सारंच बंद केलं, रक्ती हगवणीचं औषधसुद्धा. हजारातले चारशे पक्षी नऊ दिवसांत मेले. त्याची बायको शेडाजवळ बसून रडत होती, मी तिच्याजवळ जाऊन बसली. अन् बाजारातला औषधवाला आता अँटिऑक्सिडंट टॉनिक विकून राहिला. बाटलीवर तुझ्या सरांचा फोटो चिकटवला आहे.

राग धर, पण परकी करू नको.
तुझी मामी

नागपूर, ता. २२ सप्टेंबर

तीर्थरूप मामींस दामिनीचा नमस्कार.

पत्र वाचून तशीच सरांकडे गेले. ते म्हणाले, मुनगा नोंदवहीत नाही, म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या तो दिलाच गेला नाही. मी भुपेंद्रभाऊंचे चारशे पक्षी सांगितले. तेही नोंदवहीत नाहीत, असं ते म्हणाले. त्यांना दिल्लीला व्याख्यानाचं बोलावणं आहे.

ती फौज मुनगा-हळदीनं वाढली असणार, म्हणून मी ते सगळं नोंदवहीत लिहिलं आणि कॉलेजच्या संशोधन समितीला कळवलं. सरांनी बोलणं टाकलं आहे. प्रयोग नव्यानं करायचा, म्हणजे पदवी वर्षभर लांबली. मामी, चूक तुमची नाही. मी इथं बसून नुसत्या नळ्या मागवत राहिले. आता पिल्लं वाढायचे बेचाळीस दिवस तिथंच राहीन, आणि तिथल्या बाजारात लोकांना स्वतः सांगेन. भीती वाटते आहे.

तुमच्या घरात जागा असू द्या.
दामिनी

मोहाडी, ता. ६ ऑक्टोबर

ती. निर्मलाताईले लहान्या भावाचा नमस्कार.

तुझी दामिनी इथं सुखरूप आहे. पोरीची पदवी अडली म्हणून तू फोनवर रडतेस, म्हणून कालचं लिहून कळवतो.

भर बाजारात ती औषधाच्या दुकानासमोर उभी राहिली. पेपरात छापलं ते चुकीचं आहे, प्रयोग माझा होता, असं म्हणाली. भुपेंद्र समोरच होता, त्याची हात जोडून माफी मागितली. मग सारे एकदम विचारू लागले, दवाई द्यायची का नाही? ती म्हणाली, रक्ती हगवणीचं औषध बंद करू नका, चिठ्ठीपेक्षा जास्त कोणतंच देऊ नका. टॉनिकवाल्यानं डिवचलं, दुप्पट दवाईनं पक्ष्याच्या आत नेमकं काय बिघडते ते तरी सांगा मॅडम. दामिनी म्हणाली, मले अजून माहीत नाही.

ताई, मले वाटलं, आता लोक हसतील. पण भुपेंद्र बोलला. म्हणे, पंधरा वर्षांत कंपनीवाले आले, डॉक्टर आले, मोठे मोठे साहेब आले, साऱ्यांले सारंच माहीत होतं. माहीत नाही म्हणणारी ही पहिलीच भेटली. अन् मग त्यानं दामिनीले विचारलं, माझं शेड रिकामं पडलं आहे, तिथं खण केले तं चालन का?

आज सकाळपासून दोघं तिथं जाळी ठोकून राहिले आहेत.

आठवण येईल तेव्हा दोन ओळी लिहीत जा.
तुझा जागेश्वर